पुणे–लोणावळा मार्गावरचे हाताचे सिग्नल, केबिन आणि इंटरलॉकिंग

भांबुर्डेकर

सेमाफोर सिग्नलचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उंच खांब आणि त्यावरचा लाल हात एवढेच येते. जुनी छायाचित्रेही त्याचीच सापडतात. त्या व्यवस्थेचे खरे बळ मात्र हातात नव्हते. ते केबिनमध्ये, म्हणजे सिग्नल आणि सांधे जिथून चालवले जात त्या खोलीत, लिव्हरच्या बुडाशी, प्रवाशाची नजर कधी पोचली नाही अशा लोखंडी पट्ट्यांच्या जाळ्यात होते. आपल्या लोकलच्या मार्गाबद्दल लिहिले जाते तेव्हा स्थानकांची जुनी नावे येतात, वाफेची इंजिने येतात, डेक्कन क्वीन तर येतेच, आणि नेमका हा भाग गळतो. ज्यांनी या मार्गावरील केबिनमध्ये काम केले किंवा ते काम घरातून, शेजारातून जवळून पाहिले, ती पिढी आता उतारवयात आहे. त्यांच्या आठवणी आणि त्यामागचे यंत्रशास्त्र एकत्र नोंदवले जावे, यासाठी हा धागा काढत आहे.

थोडी पार्श्वभूमी. खंडाळा ते पुणे ही लाईन १४ जून १८५८ रोजी खुली झाली. बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबईहून पुण्यापर्यंत सलग गाडी येऊ लागली ती १८६३ मध्ये. मधली पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीने किंवा तट्टावरून घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. रेल्वेच्या त्या आरंभीच्या काळात एकामागून एक सुटणाऱ्या दोन गाड्यांमध्ये अंतर राखण्याचे सर्वत्र रूढ साधन घड्याळ हेच होते. पहिली गाडी सुटून ठरावीक मिनिटे झाली की दुसरी सोडायची. पहिली गाडी वाटेत बंद पडली, तर मागच्या स्थानकाला ते कळण्याचा कोणताही मार्ग नसे आणि दुसरी गाडी निर्धास्तपणे तिच्यावर जाऊन आदळे. तारायंत्रामुळे यात मूलभूत बदल झाला. पुढच्या स्थानकाने ‘गाडी पोचली, लाईन मोकळी आहे’ असे कळवल्याशिवाय मागून गाडी सोडायचीच नाही, हा ब्लॉक पद्धतीचा नियम त्यामुळे शक्य झाला. सिग्नलचा हात हा त्या नियमाचा चालकाला दिसणारा शेवटचा टप्पा होय.

रेल्वेवर हाताचा सिग्नल पहिल्यांदा उभा राहिला तो १८४० च्या दशकाच्या आरंभी, लंडनजवळ, चार्ल्स हटन ग्रेगरी यांच्या हस्ते. त्यानंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये सांधे (गाडीला एका लाईनीवरून दुसरीकडे वळवणारे हलते रूळ) आणि सिग्नल यांना एकमेकांशी यांत्रिक रीतीने बांधण्याचे, म्हणजे इंटरलॉकिंगचे, पेटंट घेतले. तोवर सांधेवाला सांधा एका लाईनीकडे लावी, सिग्नल मात्र दुसऱ्याच लाईनीचा दिला जाई, आणि दोन्ही माणसे आपापल्या परीने बरोबरच असत. पुढे १८८९ मध्ये आयर्लंडमध्ये आर्मा येथे सहलीच्या गाडीचा भीषण अपघात झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ब्लॉक पद्धत, इंटरलॉकिंग आणि सलग ब्रेक या तिन्ही गोष्टी प्रवासी मार्गांवर कायद्याने सक्तीच्या झाल्या. भारतात १८९० च्या दशकात नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर लिस्ट आणि मोर्स यांच्या पद्धतीने इंटरलॉकिंगचे प्रयोग झाले आणि तिथून ते देशभर पसरले.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे येतो. भारतात सर्वाधिक पसरलेली पद्धत खाली पडणाऱ्या हाताची होती. हात आडवा असेल तर थांबा, खाली झुकलेला असेल तर निघा. स्थानकाकडे येणाऱ्या गाडीला आधी आउटर लागे, मग होम. निघताना स्टार्टर आणि मोठ्या स्थानकांवर त्यापुढे ॲडव्हान्स्ड स्टार्टर. थांबण्याच्या सिग्नलचा हात लाल, त्यावर टोकाजवळ पांढरा पट्टा, आणि टोक सरळ कापलेले. याशिवाय माशाच्या शेपटीसारखे टोक कापलेला आणखी एक हात असे, तो वॉर्नर. तो बहुधा आउटरच्याच खांबावर, त्याच्या खाली बसवलेला असे. दोन्ही हात आडवे असले की गाडीने थांबायचे. वरचा पडलेला आणि वॉर्नर आडवा असला, तर सावधपणे, पुढच्या सिग्नलपाशी थांबायच्या तयारीने जायचे. दोन्ही पडलेले असले, तर मुख्य लाईनवरचे त्या दिशेचे सगळे सिग्नल मोकळे आहेत आणि गाडी वेगात न थांबता स्थानक पार करू शकते.

रात्री हेच अर्थ दिव्यांनी सांगितले जात. हिरव्याखाली लाल दिसला तर सावध, हिरव्याखाली हिरवा दिसला तर मोकळी वाट. यातून एक अडचण उभी राहते. वॉर्नर स्वतंत्र खांबावर एकटाच असेल, तर रात्री त्याचा एकटा लाल दिवा चालकाला थांबण्याचा वाटेल. म्हणून अशा खांबावर वॉर्नरच्या वर साधारण दीड ते दोन मीटरवर एक कायमचा हिरवा दिवा लावत. त्या दिव्याला हात नसे, तो कधी बदलत नसे, त्याचे काम केवळ खालच्या लाल दिव्याचा अर्थ निश्चित करणे एवढेच होते.

या सर्वांमागे केबिनमधील लिव्हरची रांग असे. थांबण्याच्या सिग्नलचे लिव्हर लाल, वॉर्नरचे हिरवे, सांध्यांचे काळे, सांध्याला कुलूप घालणारे निळे, वापरात नसलेले पांढरे. प्रत्येक लिव्हरच्या खाली एक सपाट पोलादी पट्टी जोडलेली असते आणि लिव्हर ओढला की ती सरकते. पट्टीच्या कडेला तिरक्या खाचा कापलेल्या असतात. तिला काटकोनात असलेल्या खोबणीत लहान ठोकळे बसवलेले असतात आणि ते त्या खाचांत जाऊन-येऊन असतात. पहिली पट्टी सरकताना खाचेची तिरकी कड ठोकळ्याला बाजूला ढकलते, तो ठोकळा शेजारच्या पट्टीच्या खाचेत शिरतो आणि ती दुसरी पट्टी जागच्या जागी जखडली जाते. बस्स, एवढीच क्रिया. पण अशा अनेक पट्ट्या आणि ठोकळे एकत्र आले की त्यातून संपूर्ण स्थानकाचे नियम लोखंडात उतरतात.

उदाहरणादाखल, एखादी गाडी लूप लाईनवर, म्हणजे मुख्य लाईनीतून फुटून पुढे पुन्हा तिलाच मिळणाऱ्या बाजूच्या लाईनीवर, घ्यायची आहे. केबिनमन आधी काळा लिव्हर ओढून सांधा लूपकडे लावतो. मग निळा ओढून त्या सांध्याला कुलूप घालतो. त्यानंतरच लूपच्या होम सिग्नलचा लाल लिव्हर हलतो, आणि मग आउटरचा. या क्षणी त्याने मुख्य लाईनचा होम ओढायचा कितीही प्रयत्न केला तरी लिव्हर हलणार नाही. वॉर्नरही हलणार नाही, कारण सांधा वळणाकडे आहे आणि गाडीला वेगात सोडणे धोक्याचे आहे. गाडी आल्यावर सर्व काही उलट्या क्रमाने परत करावे लागते. सिग्नल आडवा केल्याशिवाय कुलूप निघत नाही आणि कुलूप काढल्याशिवाय सांधा फिरत नाही. केबिनमन दमलेला असो, नवखा असो, घाईत असो, या क्रमात त्याला बदल करता येत नसे.

सदस्यांनी आपापली माहिती, घरातील ऐकीव तपशील आणि तांत्रिक भर अवश्य घालावी.

तारायंत्र

भांबुर्डेकर, अतिशय उपयुक्त धागा. तुम्ही ब्लॉकचा उल्लेख ओझरता केला आहे, म्हणून त्याविषयी भर घालतो, कारण दुहेरी मार्गावर स्थानकाच्या हद्दीबाहेरची सगळी सुरक्षितता त्यावरच उभी होती.

दोन शेजारच्या स्थानकांमध्ये ब्लॉकची यंत्रे आणि घंटा असत. यंत्रावर तीन स्थिती असत: लाईन बंद, लाईन क्लिअर आणि गाडी लाईनवर. मागच्या स्थानकाने एक ठोका देऊन लक्ष वेधायचे, दोन ठोके देऊन लाईन मागायची. पुढच्या स्थानकाची खात्री असेल तरच ते यंत्र लाईन क्लिअरवर फिरवत असे. गाडी निघाली की तीन ठोके, आणि ती पूर्ण पोचली की पुढून चार. पाच ठोके म्हणजे दिलेला संकेत रद्द. सहा ठोके म्हणजे लाईनवर अडथळा आहे, धोका. ते ऐकले की हातातले सगळे सोडून गाडी अडवायची.

यातला कळीचा भाग असा की मागच्या स्थानकाचा शेवटचा सिग्नल, म्हणजे स्टार्टर किंवा ॲडव्हान्स्ड स्टार्टर, त्या यंत्राशी विजेच्या कुलपाने जोडलेला असे. पुढून लाईन क्लिअर आल्याशिवाय तो लिव्हर सुटत नसे. तुम्ही वर्णन केलेल्या खाचा-ठोकळ्यांचे राज्य स्थानकाच्या आत होते. दोन स्थानकांमधले अंतर या विजेच्या कुलपाने सांभाळले जाई.

चार ठोके देण्यापूर्वी केबिनमनने गाडीचा शेवटचा डबा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे बंधनकारक होते. दिवसा त्या डब्याची खूण आणि रात्री तांबडा दिवा दिसला पाहिजे. तो दिसला नाही, तर गाडीचे काही डबे मागे सुटून सेक्शनमध्येच, म्हणजे दोन स्थानकांमधल्या लाईनीवरच, राहिले असण्याची शक्यता धरून लाईन मोकळी द्यायची नाही. गाडी खडखडत निघून गेल्यावरही केबिनमन खिडकीत उभा राहून मागे बघत राही, त्याचे कारण हे.

कासारवाडीकर

चांगली माहिती मिळत आहे. एक शंका आहे. सिग्नल तारेने ओढला जात असे आणि आउटर तर केबिनपासून बराच दूर असे. पुण्याचा एप्रिल–मे विचारात घेतला, तर सकाळी गारवा आणि दुपारी रणरणते ऊन. एवढ्या लांबीची उघड्यावरची तार तापून सैल पडत नसे का?

भांबुर्डेकर

कासारवाडीकर, पडत असे, आणि बऱ्याच प्रमाणात. पोलाद एका अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या एक लाखांश भागाहून थोडे अधिक, म्हणजे दर मीटरला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. तार ५०० मीटर लांब आणि सकाळ-दुपारच्या तापमानातला फरक २० अंशांचा धरला, तर ती सुमारे १२ सेंटिमीटर लांबते. उन्हात पडलेली तार हवेपेक्षा अधिक तापते, म्हणजे प्रत्यक्ष फरक याहूनही मोठा. लिव्हर ओढल्यावर तार जेवढी सरकते त्याच्या मानाने हा फरक नगण्य मुळीच नाही. तार सैल झाली की लिव्हर पूर्ण ओढूनही हात अर्धवटच झुके. असा अर्धवट हात चालकाने मोकळा मानायचा नाही, थांबण्याचाच मानायचा, असा नियम होता. त्यामुळे धोका टळे, पण गाडी आउटरला खोळंबून राही. उलट तार फार ताणली गेली, तर आडवा असायला हवा तो हात किंचित झुकलेला राही, आणि हे अधिक वाईट.

म्हणून केबिनमध्ये प्रत्येक लांब तारेला ताण कमी-जास्त करण्याची सोय असे आणि केबिनमन दिवसातून अनेकदा ती जुळवून घेई. ऊन चढले की ताण वाढवायचा, संध्याकाळी उतरवायचा. सांध्यांना तारेऐवजी पोलादी दांडे असत, कारण त्यांना ओढायचेही असते आणि ढकलायचेही. त्या दांड्यांच्या वाटेत मध्येच हालचालीची दिशा उलटवणारा एक जोड घालत, जेणेकरून एका बाजूची वाढ दुसऱ्या बाजूच्या वाढीने आपोआप भरून निघे. ही सोय माणसाच्या लक्षावर अवलंबून नव्हती, हे तिचे वैशिष्ट्य.

देशात काही मार्गांवर दुहेरी तारेची पद्धतही होती. तीत एक तार ओढली जाताना दुसरी सुटते आणि वजनांच्या साहाय्याने दोन्हींचा ताण कायम राखला जातो. त्यामुळे उन्हाचा प्रश्न सुटतो, आणि तार तुटली तर तीच वजने सिग्नल थांबण्याच्या स्थितीत नेऊन ठेवतात.

केबिनमनचा मुलगा

माझे वडील मध्य रेल्वेत लिव्हरमन होते आणि नंतर केबिनमन म्हणून निवृत्त झाले. शाळेत असताना डबा पोचवायला मी केबिनमध्ये जात असे, त्यामुळे काही गोष्टी अगदी जवळून पाहिल्या आहेत.

लिव्हर साधारण छातीपर्यंत उंचीचे आणि त्यांच्या मुठी हात फिरून-फिरून गुळगुळीत, चकचकीत झालेल्या. वडील लिव्हरला कधीही उघड्या हाताने हात लावत नसत. जाड सुती फडके घेऊनच मूठ धरत. घाम लागला की पोलाद गंजते, असे ते सांगत, आणि कोणी नवा माणूस नुसत्या हाताने लिव्हर धरी तेव्हा त्यांना ते अजिबात खपत नसे. मुठीच्या मागे एक खटका असे, तो दाबल्याशिवाय लिव्हर खाचेतून सुटत नसे. जवळच्या सिग्नलचा लिव्हर सहज येई. आउटरचा ओढताना मात्र एक पाय पुढे फ्रेमला टेकवून, कमरेतून मागे झुकून संपूर्ण शरीराचे वजन टाकावे लागे, आणि शेवटच्या क्षणी खटका खाचेत बसल्याचा जो आवाज होई तो ऐकल्यावरच ते मूठ सोडत.

प्रत्येक लिव्हरवर पितळी पट्टी असे. तिच्यावर त्या लिव्हरचा नंबर आणि नाव, आणि त्याखाली आणखी काही नंबर कोरलेले. हा लिव्हर ओढण्यापूर्वी कोणते ओढलेले हवेत ते त्या नंबरांवरून कळे. वडिलांना ते पाहावे लागत नसत. पण बदलीवर आलेल्या माणसाला त्या पट्ट्यांचा मोठा आधार होता.

आणखी एक वस्तू माझ्या लक्षात राहिली आहे. लोखंडी कडी. लाईनवर एखादी गाडी किंवा मालडबे उभे असले की वडील संबंधित सिग्नलच्या लिव्हरवर ती कडी चढवून ठेवत. ती चढवली की खटका दाबताच येत नसे. ती काढायची म्हणजे आधी खिडकीतून लाईन पाहायची, हा त्यांचा शिरस्ता होता.

रात्रीच्या दिव्यांबद्दलही सांगतो. बत्तीवाला संध्याकाळपूर्वी रॉकेलचे दिवे घेऊन प्रत्येक खांबाच्या शिडीवर चढे. खांबाच्या मागच्या बाजूला, केबिनकडे तोंड करून, दिव्याचा एक बारीक पांढरा ठिपका दिसे. हात आडवा असेल तोवर तो ठिपका दिसायचा आणि हात पडला की झाकला जायचा. अंधारात हात दिसत नसे, तेव्हा गाडी गेल्यावर सिग्नल खरोखर परत आडवा झाला की नाही हे वडील त्या ठिपक्यावरून ओळखत.

तारायंत्र

आपण सांगितलेल्या कडीचे महत्त्व किती होते ते सांगण्यासाठी एक घटना नोंदवतो. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल येथे एक लोकल गाडी केबिनसमोरच्याच लाईनवर उभी करून ठेवली होती. कामावर आलेला सिग्नलमन स्वतः त्याच लोकलने तिथे पोचला होता. लिव्हरवर कडी चढवली गेली नव्हती. तो ती गाडी विसरला आणि त्याच लाईनवर सैनिकांच्या गाडीला त्याने सिग्नल दिले. दोनशेहून अधिक माणसे गेली. ब्रिटनच्या रेल्वे इतिहासातला तो सर्वांत मोठा अपघात मानला जातो.

मिरजवाट

पुणे–लोणावळा दुहेरी मार्ग असल्यामुळे तिथे तारायंत्र यांनी वर सांगितलेली ब्लॉकची पद्धत चालली. घोरपडीहून मिरजेकडे जाणारा मार्ग मात्र एकेरी होता, आणि तोही आधी मीटरगेज. एकेरी मार्गावर समोरासमोर टक्कर होण्याचा धोका वेगळाच. तिथे भारतात नीलच्या गोळ्याच्या यंत्राचा वापर सर्रास होता. दोन स्थानकांवर एकमेकांना विजेने जोडलेली दोन यंत्रे असतात आणि त्यांत धातूचे गोळे असतात. दोन्ही स्थानकांच्या संमतीनेच एका यंत्रातून एक गोळा बाहेर येतो, आणि तो पुन्हा कोणत्याही एका यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघत नाही. तो गोळा चालकाच्या हातात असणे हाच सेक्शनमध्ये जाण्याचा अधिकार. गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली. न थांबणाऱ्या गाडीतून चालकाचा सहायक एक कडे फलाटावर टाकी आणि पुढचे हातात झेली. सिग्नल पडलेला असूनही हातात गोळा नसेल, तर गाडी पुढे न्यायची नाही.

घाटमाथा

लोणावळ्यापर्यंत आलाच आहात तर घाटात थोडे उतरू. बोरघाटात चढ ३७ ला १ आहे. पुण्याहून मुंबईकडे जाणारी अप गाडी उतारावर असते आणि तिचे ब्रेक निकामी झाले तर सिग्नल आडवा असून काही उपयोग नाही. म्हणून तिथे कॅच सायडिंग ठेवलेल्या आहेत: मुख्य लाईनीतून फुटून डोंगराकडे चढत जाणारा, पुढे कुठेही न पोचणारा रूळ. एरवी सांधा कायम त्या सायडिंगकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी तिथे आधी थांबते, म्हणजे ती ताब्यात आहे हे सिद्ध होते, आणि त्यानंतरच सांधा मुख्य लाईनकडे फिरवून सिग्नल दिला जातो. न थांबलेली गाडी चढावर जाऊन अडकते. इतर ठिकाणी सांधा मुख्य लाईनकडे असणे ही साधारण स्थिती असते; घाटात ती बरोबर उलट आहे.

वीजवाहिनी

सर्वांचे लेखन मनापासून वाचले, आणि तरीही एक मतभेद नोंदवणे आवश्यक वाटते. यांत्रिक व्यवस्थेचे गुणगान करताना तिची मोठी उणीव झाकली जाऊ नये. खाचा आणि ठोकळे लिव्हर–लिव्हरमधला विरोध ओळखतात. लाईनवर गाडी उभी आहे की नाही हे त्यांना कळत नाही. तारायंत्र यांनी सांगितलेला क्विंटिन्सहिलचा अपघात हाच त्याचा पुरावा आहे. तिथे कोणत्याही लिव्हरने क्रम मोडला नव्हता. लाईन मोकळी आहे हे पाहण्याचे काम माणसाच्या डोळ्यांवर आणि स्मरणशक्तीवर सोडलेले होते.

ही उणीव ट्रॅक सर्किटने भरून काढली. रुळांतून सौम्य विद्युत्प्रवाह सोडायचा. गाडीची चाके आली की तो रुळावरून रुळावर वळतो, रिले (त्या प्रवाहावर चालणारा विजेचा स्विच) सुटतो आणि सिग्नल थांबण्याचा होतो. प्रवाह कोणत्याही कारणाने बंद पडला, रूळ तुटला, तार निसटली, तरी परिणाम तोच. आपल्या मार्गावर मात्र हे सोपे नव्हते. १९३० च्या सुमारास पुण्यापर्यंत १५०० व्होल्ट डीसी विद्युतीकरण झाले आणि इंजिनाचा परतीचा प्रवाह रुळांतूनच वाहू लागला. त्याच जातीचा प्रवाह ट्रॅक सर्किटला वापरला तर रिले फसण्याचा धोका, म्हणून डीसी मार्गांवर एसी ट्रॅक सर्किट वापरावे लागले. आपला मार्ग ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा होता, तिनेच १९२८ मध्ये मुंबईत बोरीबंदर ते भायखळा स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल बसवले होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घ्यावी.

आणि उपनगरी वाहतूक. १९७८ मध्ये पुणे–लोणावळा लोकल सुरू झाल्यावर त्याच दोन लाईनींवर दर स्थानकाला थांबणाऱ्या गाड्या, न थांबणाऱ्या मेल–एक्स्प्रेस आणि मालगाड्या एकत्र आल्या. प्रत्येक गाडीसाठी दोन टोकांच्या दोन केबिन, मधे स्टेशन मास्तर, आणि प्रत्येकाने फोन व घंटेवर दुसऱ्याशी बोलून अनेक लिव्हर ओढायचे आणि परत करायचे, याला वेळ लागतो. पॅनेलवर दोन बटणे दाबली की सगळा मार्ग लागतो. यांत्रिक व्यवस्था गेली ती या कारणाने, आणि ते योग्यच झाले.

भांबुर्डेकर

वीजवाहिनी, ट्रॅक सर्किटबद्दलचे आपले म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो, आणि ती व्यवस्था परत यावी असे मला मुळीच वाटत नाही. पण दोन गोष्टी पुढे मांडतो.

पहिली, यांत्रिक व्यवस्थेलाही गाडीची चाहूल घेण्याची एक सोय होती. गाडी ज्याच्यावर समोरून येते अशा सांध्याच्या अलीकडे रुळाच्या आतल्या कडेला एक लांब पट्टी बसवत. निळा लिव्हर हलवला की ती पट्टी आधी वर उचलली जाऊन मग खाली बसते. वर चाक उभे असेल, तर चाकाची कड तिला उचलू देत नाही, लिव्हर हलत नाही, आणि गाडीखाली सांधा फिरण्याची शक्यता उरत नाही. सांध्यापाशी डिटेक्टर नावाची दुसरी सोय असे. सिग्नलची तार तिच्यातूनच जाई, आणि सांध्याची पाती रुळाला नीट टेकलेली नसेल तर खाच जुळत नसे व तार अडून राही. म्हणजे केबिनमधला लिव्हर ओढला गेला, पण दांडा मधेच वाकल्यामुळे सांधा प्रत्यक्षात फिरलाच नाही, अशा वेळीही सिग्नल पडत नसे.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आजच्या पॅनेलमागे, रिलेंमध्ये आणि संगणकीय इंटरलॉकिंगमध्ये जे तर्कशास्त्र आहे ते त्याच खाचा-ठोकळ्यांतून आलेले आहे. कोणता मार्ग कोणत्या मार्गाच्या आड येतो, कशाआधी काय व्हायला हवे, काय परत केल्याशिवाय काय सुटता कामा नये, याची कोष्टके आधी लोखंडासाठी लिहिली गेली. एखाद्या जुन्या केबिनचे कोष्टक हाती लागले, तर त्या स्थानकावर कोणती सायडिंग कुठे होती, मालधक्का कोणत्या लाईनला होता, कोणती गाडी कुठून कुठे घेता येत असे, हे सगळे त्यातून वाचता येते. आपल्या मार्गावरील स्थानकांच्या जुन्या रचनेचा याहून नेमका दस्तऐवज दुसरा नाही.

कासारवाडीकर

हात वर जाणारे सेमाफोरही पाहिल्याचे आठवते. त्यांचा फरक कोणी सांगेल का?

तारायंत्र

तिथे हात आडवा म्हणजे थांबा, ४५ अंश वर म्हणजे सावध, आणि सरळ उभा म्हणजे मोकळी वाट. एकाच हाताला तीन स्थिती असल्यामुळे पुढच्या सिग्नलची पूर्वसूचना मिळते. पहिल्या थांबण्याच्या सिग्नलच्या आधी साधारण एक किलोमीटरवर पिवळा, माशाच्या शेपटीच्या टोकाचा डिस्टंट असतो. चालकाला पूर्वसूचना मिळत असल्यामुळे लाईन क्लिअर देण्यापूर्वी पहिल्या थांबण्याच्या सिग्नलच्या पुढे मोकळी ठेवायची लाईनही कमी पुरते: खाली पडणाऱ्या दोन स्थितींच्या पद्धतीत ती किमान ४०० मीटर लागे, इथे १८० मीटर.

सुरक्षिततेचा फरकही आहे. वर गेलेला हात तार तुटताच स्वतःच्या वजनाने आडवा होतो. खाली पडणाऱ्या हाताला परत आणायला प्रतिवजन आणि रंगीत काचांची जड चौकट लागते. इंग्लंडमध्ये १८७६ च्या जानेवारीत ॲबट्स रिप्टन येथे बर्फाच्या भाराने सिग्नलचे हात मोकळ्या स्थितीतच अडकून बसले आणि एक्स्प्रेस मालगाडीवर आदळली. तोवर तिकडे सिग्नल एरवी मोकळा ठेवण्याची रीत होती. या अपघातानंतर तो एरवी थांबण्याच्या स्थितीत ठेवण्याची रीत पडली.

केबिनमनचा मुलगा

भांबुर्डेकर, आपण कोष्टकाबद्दल लिहिले ते वाचून वडिलांची जुनी वही काढली. त्यांनी एका केबिनमधील सर्व लिव्हरचे नंबर आणि त्या पितळी पट्ट्यांवरचे आकडे स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवले आहेत. बदली होऊन आले तेव्हा पाठ करण्यासाठी लिहिले असावेत. शेजारी त्यांनी लाईनींचा हाताने काढलेला नकाशाही आहे. मी ते इथे टंकून देऊ शकतो. कोणत्या स्वरूपात दिले तर उपयोगी पडेल?

भांबुर्डेकर

ही वही फार मोलाची आहे. आधी प्रत्येक पानाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, सपाट ठेवून काढावे, आणि मगच टंकलेखन सुरू करावे. नकाशात उत्तर कोणत्या बाजूला आहे किंवा मुंबईची बाजू कोणती आहे हे प्रथम ठरवून घ्यावे, नाहीतर अप आणि डाऊनची गल्लत होईल.

कोष्टकाला सहा रकाने पुरतील: लिव्हरचा नंबर, रंग, काम, हा ओढण्यापूर्वी कोणते ओढलेले हवेत, हा ओढल्यावर कोणते जखडले जातात, आणि हा ओढल्यावर कोणते आहेत त्या स्थितीत जखडले जातात. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवणे महत्त्वाचे आहे. विरोधी मार्गाचा सिग्नल साध्या स्थितीत अडकवला जातो, तो ओढता येत नाही एवढेच. सांध्याचे कुलूप मात्र सांधा ज्या बाजूला असेल त्याच बाजूला त्याला धरून ठेवते, कारण एकाच सांध्यावरून दोन्ही मार्गांनी गाडी जाऊ शकते. वडिलांनी एखाद्या नंबरला गोल केले असेल किंवा त्याखाली दोन रेघा मारल्या असतील, तर ती खूण जशीच्या तशी नोंदवावी. ती बहुधा याच फरकाची असेल. पांढऱ्या लिव्हरचे नंबरही वगळू नयेत. जिथे पांढरा लिव्हर आहे, तिथे पूर्वी एखादा सांधा किंवा सिग्नल असण्याची शक्यता असते, आणि शेजारच्या नंबरांवरून तो कुठे असावा याचा माग काढता येतो.